धडा खणखणीत वाचतो, पण समजत नाही

प्रश्न : नमस्कार मॅडम, आम्ही तासगाव तालुक्यातले, मुलगा झेडपीच्या शाळेत चौथीला आहे. धडा खणखणीत वाचतो, कुठं अडखळत नाही, पण काय वाचलंस विचारलं की गप्प. प्रश्नोत्तरं मात्र बरोबर लिहितो. असं कसं? घरी काय करू?
– एक आई

उत्तर : ताई, आधी हे वाचा. 'झंपूने कुरटीला मिसकं दिलं.' आता सांगा, कुरटीला मिसकं कुणी दिलं? झंपूने! उत्तर बरोबर आलं, पण मिसकं म्हणजे काय ते कुणालाच ठाऊक नाही, कारण तसा शब्दच नाहीये. धड्याखालचे बरेच प्रश्न असेच सुटतात, पोरगं प्रश्नातला शब्द धड्यात शोधतं आणि ती ओळ उतरवतं.

म्हणून वर्गात आम्ही मुद्दाम ओळीत उत्तर नसलेलं विचारतो. 'आईने आभाळाकडे बघितलं आणि पळत जाऊन अंगणातले पापड उचलले.' का उचलले? पाऊस हा शब्द कुठंच नाही, पण आभाळ आणि पापड जोडले की कळतं, आणि हे जोडणं शिकवावं लागतं हो, ते आपोआप येईल म्हणून सोडून देऊ नका. गोष्ट मध्येच थांबवून आता पुढं काय होईल, तुला असं का वाटतं, एवढं विचारलं तरी पुष्कळ होतं.

घरी एक करून बघा. तोच धडा तुम्ही त्याला वाचून दाखवा. ऐकून नीट सांगितला तर भाषा त्याच्याकडे आहे, सगळं लक्ष अक्षरं लावण्यातच जातंय, मग सोपी पुस्तकं भरपूर वाचायला द्या. ऐकूनही सांगता आलं नाही तर शब्द आणि विषयाची ओळख कमी पडतेय, तिथं वाचण्याआधी गप्पा हव्यात. द्राक्षाच्या छाटणीवरचा उतारा तासगावच्या पोराला पटकन कळेल, तेच समुद्रावरचा असला तर त्याला आधी भरती-ओहोटी सांगायला नको का?

वेगाच्या मागं लागू नका. लहान मुलांना वाचता-लिहिता यावं म्हणून केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान 2021 ला सुरू झालं, त्यातही तिसरीच्या मुलाने मिनिटाला 60 शब्द 'समजून' वाचावेत असंच म्हटलंय, पण लोक फक्त 60 लक्षात ठेवतात, याचं मला फार वाईट वाटतं. बाईंना भेटाल तेव्हा वाचलेलं स्वतःच्या शब्दांत सांगतो का, हे विचारा. आणि सुट्टीत जमलं तर पाचगणीजवळच्या भिलारला, पुस्तकांच्या गावाला न्या, तिथं पुस्तक त्याचं त्यालाच निवडू दे, दोन पानांत कंटाळला तर दुसरं घेऊ दे.