रवंथ, मंत्रचळ आणि सरसकट ‘अतिविचार’

प्रश्न असा आहे: मनात नको ते विचार येणं, झालेली गोष्ट मनात घोळत राहणं आणि पुढच्याची धास्ती वाटणं, या तिन्हींना ‘अतिविचार’ म्हटलं तर चालेल का?

चालणार नाही. हा शब्द ‘ओव्हरथिंकिंग’वरून बेतलेला आहे आणि तो फक्त प्रमाण सांगतो. कडेवर बाळ घेऊन गच्चीच्या कठड्याशी उभ्या असलेल्या आईच्या मनात क्षणभर ‘हे हातून खाली टाकलं तर?’ असं येतं आणि तिच्या अंगावर काटा उभा राहतो. एक क्षण, एक विचार. यात ‘अति’ काय आहे? ‘नकारात्मक विचार’ तर त्याहून निरुपयोगी. परीक्षेची चिंता, जुन्या अपमानाची आठवण आणि त्या आईला आलेला विचार या सगळ्यांना एकच नाव देऊन कुणाला काय कळणार?

मराठीत हा फरक नामापेक्षा क्रियापद जास्त चोख सांगतं. विचार करतात, विचार येतो, घोर लागतो. ‘मी विचार केला’ म्हटलं की कर्ता मी. ‘माझ्या मनात विचार आला’ म्हटलं की कर्ता विचार, आणि मी केवळ त्याच्या येण्याची जागा. त्या आईला ‘तू असा विचार केलासच कसा?’ असं विचारणारा माणूस मराठी चुकीची बोलतोय, आणि त्या चुकीचा तिला फार त्रास होतो. तिने विचार केलेला नाही, तिच्या मनात तो आला. अशा विचाराला ‘आगंतुक विचार’ म्हणावं. ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ ही म्हण आपल्याकडे आहेच. 1978 मध्ये रॅकमन आणि डी सिल्वा या मानसशास्त्रज्ञांनी आजारी नसलेल्या माणसांना विचारलं, तेव्हा त्यांच्यातल्याही बहुसंख्यांनी असे विचार येतात हे कबूल केलं. विचारांचे विषयही रुग्णांना छळणाऱ्या विचारांसारखेच निघाले.

पुढच्याची धास्ती, म्हणजे चिंता, थोडक्यात आटोपतो. ‘चिंता’ हा शब्द ‘चिता’वरून आला असं पुन्हा पुन्हा ऐकू येतं. एका अनुस्वाराचा फरक सांगणारं सुभाषित सुंदर आहे, पण ते सुभाषित आहे, व्युत्पत्ती नव्हे. चिता ‘चि’ म्हणजे रचणे या धातूची, चिंता ‘चिन्त्’ म्हणजे विचार करणे या धातूची. ‘चिंतन’ तिचं सख्खं भावंड.

आता घोळत राहणाऱ्या विचारांकडे येतो, कारण त्यासाठी आपल्याकडे असलेल्या शब्दावर माझा फार जीव आहे: रवंथ. मूळ संस्कृत ‘रोमन्थ’. ग्रामचं गाव झालं, नामचं नाव झालं, त्याच वाटेने ‘रोमंथ’मधल्या ‘म’चा ‘व’ झाला. पाणिनीने या शब्दासाठी सूत्रात जागा ठेवली आहे (3.1.15): रोमन्थापासून ‘रोमन्थायते’ हे क्रियापद होतं, म्हणजे रवंथ करतो. त्यावर कात्यायन वार्तिकात, म्हणजे सूत्रांना जोडलेल्या पुरवणी-टीपेत, अट घालतो, ‘हनुचलने’, म्हणजे जबडा हलत असेल तरच. का? तर ‘कीटो रोमन्थं वर्तयति’ (किडा रोमन्थ वळवतो) या वाक्यात हे क्रियापद वापरलं जाऊ नये म्हणून. इथे रोमन्थ म्हणजे शरीराबाहेर टाकलेला मळ. नंतरच्या टीकाकारांपैकी कैयटाच्या मते किडा तो खातो, हरदत्ताच्या मते त्याचा गोळा वळतो.

‘विचारांचा रवंथ म्हणजेच मनन, तो चांगलाच’ असं सांगणाऱ्या विद्वानांशी माझं भांडण इथेच आहे. गाय रवंथ करते तेव्हा अन्न पुढे सरकतं, पचतं. मननातही विचार पुढे जातो. पण ‘मी तेव्हा असं का बोललो, ते काय म्हणाले असतील’ हे चौथ्या रात्रीही त्याच शब्दांत चालू असतं, तेव्हा काहीच पचत नसतं. कात्यायनाने बाहेर काढलेला कीटकाचा रोमन्थ या अवस्थेला गाईच्या रवंथापेक्षा कितीतरी जास्त लागू पडतो, तोच मळ, तेच वळणं. हा अर्थ मी लावलेला आहे, व्याकरणकारांचा नाही, पण मला तो अगदी पटलेला आहे. नैराश्याच्या अभ्यासात सुझन नोलन-होक्सेमा यांनी 1991 मध्ये ज्या ‘रुमिनेशन’बद्दल लिहिलं, त्या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थही रवंथच. त्यांनी वर्णन केलेली माणसं आपल्या दुःखाच्या कारणांभोवती घिरट्या घालत राहतात आणि उपायाकडे सरकत नाहीत.

राहिला मंत्रचळ, म्हणजे इंग्रजीत ज्याला ओसीडी (ऑब्सेसिव्ह कंपल्सिव्ह डिसऑर्डर) म्हणतात तो आजार. टेबलावरची पेनं सरळ लावणारे लोक ‘मला जरा ओसीडी आहे’ म्हणतात, ते ऐकून संताप येतो. टापटीप म्हणजे मंत्रचळ नव्हे. ‘चळ’ म्हणजे जागेवरून ढळणं, म्हातारचळातला तोच. मंत्र म्हणताना चूक झाली की माणसाचं डोकं फिरतं, अशी जुनी समजूत या शब्दामागे आहे. माझा तर्क असा की आजच्या अर्थाचं बीज त्या समजुतीतच असावं: ‘मंत्र चुकला तर नाही ना?’ ही शंका, म्हणून पुन्हा पहिल्यापासून म्हणणं, की पुन्हा शंका. कुलूप दहादा ओढून पाहणाऱ्याचं नेमकं हेच होत असतं. आगंतुक विचार येतो, तो इतरांच्या मनातून निघून जातो, याला मात्र तो खरा वाटू लागतो आणि शांत होण्यासाठी काहीतरी करावंच लागतं. म्हणून हिंदीतून उचललेल्या ‘मनोग्रस्ती’पेक्षा मला ‘मंत्रचळ’ जवळचा वाटतो: त्यात शंका आहे आणि पुनरावृत्तीही आहे. ‘चळ’ शब्द रुग्णाला लागतो, ही तक्रार मात्र मला मान्य आहे. समोर बसलेल्या माणसाला ‘तुला चळ लागलाय’ म्हणू नये. ‘तुला मंत्रचळाचा त्रास होतोय, त्यावर उपचार आहेत’ असं म्हणावं, आणि ते खरंही आहे.