मनात आधी 'बरं झालं' आलं, मग नारळ ठेवला

प्रश्न : काकू नमस्कार. आमचं सामायिक घर आहे, वेंगुर्ल्याच्या बाजूला. थोरल्या चुलत दिरांशी कलमांच्या बागेवरून सात वर्षं दावा चालू आहे, बोलणं बंद. आता त्यांना मुंबईला बायपास करायला नेलंय. बातमी कळली तेव्हा खरं सांगते, माझ्या मनात पहिलं आलं 'बरं झालं'. मग रात्रभर झोप नाही, आणि सोमवारी जाऊन रवळनाथासमोर त्यांच्या नावाने नारळ ठेवला. पण जाऊबाई म्हणते, मनात विष ठेवून मागितलेलं देव ऐकत नाही, उलट पाप लागतं. खरं आहे का?

उत्तर : ताई, जाऊबाईंचं बोलणं जरा बाजूला ठेवा आणि तुमच्याच गावात सगळ्यांच्या वतीने देवापुढे घालतात ते गाऱ्हाणं आठवा. 'बा देवा म्हाराजा' झालं की पुढे काय येतं? कळत-नकळत काय चुकला-माकला असात तर पदरात घे, होय म्हाराजा! म्हणजे मागायच्या आधीच चुकीची कबुली देऊन टाकलेली असते, तीही सगळ्या गावाच्या वतीने, आणि मग त्याच दमात मुंबईच्या चाकरमान्यांपासून गोठ्यातल्या गुरांपर्यंत सगळ्यांची राखण कर म्हणून मागणं. आमच्या वाडीत गाऱ्हाणं घालायचे त्या मानकऱ्यांना संध्याकाळची थोडी लागायची, सगळ्यांना माहीत होतं, बायको तर उघड बोलायची, पण त्यांनी हात जोडून सुरुवात केली की आम्ही पोरंटोरं सुद्धा गप्प. त्यांच्या तोंडचं गाऱ्हाणं देवाला पोचत नाही असं कोणी म्हटलेलं मला तरी आठवत नाही. आणि चतुर्थीला तुमच्या सामायिक घरात गणपती एकच असेल ना, चुली दोन असल्या तरी? मग दावा चालू असताना तुम्ही आणि ते दोघंही एकाच गाऱ्हाण्याला 'होय म्हाराजा' म्हणताच की! म्हणजे त्यांच्यासाठी तुम्ही सात वर्षं मागतच आलाय, फक्त नाव घेतलं नव्हतं, ते आता घेतलंत.

दुसरं, पसायदान. शाळेत म्हणून म्हणून त्याचा अर्थ आपल्या कानावरून जातो. 1290 साली ज्ञानेश्वरी पुरी करताना माउलींनी 'जे खळांची व्यंकटी सांडो' असं मागितलंय, खळ मरोत असं नाही, त्यांचा वाकडेपणा तेवढा जावो. मला तर वाटतं त्या ओळीत तुमचे दीर आहेत तसं तुमचं ते 'बरं झालं' पण आहे, आणि माझंही असलं बरंच काही आहे (सगळं इथे लिहीत नाही!).

बाकी देवाच्या दयेचं म्हणाल तर आरवलीला जाऊन या, जवळच आहे तुम्हाला. तिथल्या ग्रामदेवाला, वेतोबाला, लोक चामड्याच्या मोठाल्या चपला वाहतात, कारण तो रात्री राखणीला फिरतो आणि चपला झिजतात अशी श्रद्धा आहे. आता फिरताना तो कोणाच्या घरी दावा आहे आणि कोणाच्या मनात काय आलं हे बघून घरं गाळत असेल का?

राग लगेच जाणार नाही हे मात्र धरून चाला. नारळ ठेवला म्हणून बाग सोडून द्यायला पाहिजे असंही नाही, दाव्याची तारीख असेल त्या दिवशी कोर्टात वेळेवर जा, वकिलाला तुमच्या नारळाचं काही सांगू नका. आणि त्यांच्या बायकोला एक फोन करा. दिरांना नको, ऑपरेशनच्या आधी तुमचा आवाज ऐकून त्यांना उगाच धसका बसायचा. तिला फक्त विचारा, हॉस्पिटलात डबा कोण देतंय, आणि तुमचं कोणी मुंबईला असेल तर पेज आणि माशाचं तिखलं, डॉक्टर हो म्हणाले तर, पोचवायला सांगा.