मुलांच्या हाडांचं काम शिकायला इंग्लंडला यायचं असेल तर

तू विचारलंस: ताई, एमएस होऊन दोन वर्षं झाली, नाशकातच नोकरी आहे, पण करायचंय ते लहान मुलांचं ऑर्थोपेडिक्स. प्लॅब, म्हणजे परदेशी डॉक्टरांसाठीची तिकडची परीक्षा, देऊन तिकडे येऊ का? घरी आईबाबा, बायको आणि तीन वर्षांची लेक. मी पंचवटीतून इकडे आले त्याला अकरा वर्षं झाली. जरा लांबलचक लिहितेय, पण अर्धवट सांगून तुला विमानात बसवायचं नाहीये.

आधी हे ठरव, की शिकून परतायचंय की इथंच राहायचंय. दोन्ही वाटा पहिल्या पावलापासून वेगळ्या आहेत. परतायचं असेल तर एमटीआय, म्हणजे मेडिकल ट्रेनिंग इनिशिएटिव्ह बघ. जास्तीत जास्त दोन वर्षं, प्लॅब लागत नाही, मुदत संपली की घरी. राहायचं असेल तर प्लॅबऐवजी एमआरसीएस, म्हणजे इथल्या सर्जन कॉलेजांची परीक्षा कर. ती झाली की जीएमसी, म्हणजे इथं डॉक्टरांची नोंदणी करणारी संस्था, प्लॅब मागत नाही. इंग्रजीची परीक्षा द्यावीच लागते: आयईएलटीएसला एकूण 7.5 आणि प्रत्येक भागात किमान 7, किंवा ओईटीला चारही भागांत बी.

मी प्लॅब देऊन आले. पहिली दोन वर्षं खुबा मोडलेल्या आजी-आजोबांचे वॉर्ड आणि रात्रपाळ्या यातच गेली. मुलांची ओपीडी सुट्टीच्या दिवशी जाऊन, मागे उभं राहून पाहायचे. आता तर प्लॅब झालेल्यांची इतकी गर्दी आहे, की ती पहिली नोकरीही लवकर मिळत नाही.

इथं कायमचं कन्सल्टंट व्हायला स्पेशालिस्ट रजिस्टरवर नाव लागतं. आपल्याला त्यासाठी पोर्टफोलिओ पाथवे आहे, 2023 पर्यंत त्याला सीईएसआर म्हणायचे. त्यात पुरावे मागतात: किती शस्त्रक्रिया, त्यात तुझा हात किती, वरिष्ठांची सही कुठे. मी नाशिकचे कागद मागवले तोवर सर निवृत्त झाले होते आणि तिथलं जुनं रेकॉर्ड रद्दीत गेलं होतं. शेकडो ऑपरेशनं केली, दाखवायला काही नाही. तू आजपासून लॉगबुक ठेव, पेशंटचं नाव न लिहिता, आणि दर महिन्याला सही घे.

आता मुख्य मुद्दा. ऑपरेशनं शिकायला इकडे येऊ नकोस. खुबा सरकलेला नाही ना, हे पाहायला इथं प्रत्येक बाळाचे खुबे जन्मल्यावर 72 तासांत आणि पुन्हा सहा ते आठ आठवड्यांनी तपासतात. पायाळू बाळांची सोनोग्राफी होते. चालायला लागल्यावर लंगडतं म्हणून आणलेलं लेकरू इथं क्वचित दिसतं, आपल्याकडे पेठ-सुरगाण्याहून येतं ते नेमकं तेच. ती कला मुंबईच्या वाडिया रुग्णालयासारख्या ठिकाणी वर्षभर राहून जास्त चांगली शिकशील.

इकडे शिकण्यासारखं आहे ते ऑपरेशननंतरचं. वाकड्या पायाचं पॉन्सेटी प्लास्टर दोन्हीकडे सारखंच: दर आठवड्याला एक, साधारण पाच-सहा, मग बहुतेकांना टाचेमागची धोंडशीर कापायची. पुढे तीन महिने दिवसाचे 23 तास पट्टीने जोडलेले बूट, आणि मग चार-पाच वर्षांचं होईपर्यंत रोज रात्री. नाशकात आमचं घोडं इथंच अडायचं. द्राक्षाच्या छाटणीला आईबाप दिंडोरी-निफाडकडे मजुरीला जायचे, बूट सुटायचे, पाय परत वळायचा. आम्ही कागदावर ‘फॉलोअपला आले नाहीत’ लिहून मोकळे व्हायचो. ते लिहिल्याचं मला अजून वाईट वाटतं. इथं एक तारीख चुकली, की फिजिओथेरपिस्ट घरी फोन करते. सेरेब्रल पाल्सीच्या मुलाचा निर्णय मेंदूविकारतज्ज्ञ, फिजिओ, बूट बनवणारा आणि सर्जन एका खोलीत बसून घेतात, त्याचे आईवडीलही तिथंच असतात. ही घडी नाशकात बसवता आली, तर तुझी दोन वर्षं सार्थकी लागतील.

म्हणून माझं मत एमटीआयला. दोन वर्षांच्या बोलीवर आईबाबाही तयार होतील, आणि लेक शाळेत रुळायच्या आत परत याल. पण आधी वाडियासारख्या ठिकाणचं ते वर्ष कर. माझ्या लॉगबुकचा नमुना रविवारी पाठवते. तोवर मागच्या दोन वर्षांच्या केसेसवर तुझ्या सरांच्या सह्या घेऊन ठेव.