नऊ-दहा वर्षांची मुलं सगळीच्या सगळी बॉलमागे धावतात. फुटबॉलच्या सरावात कोणता खेळ घेतला तर ही सवय सुटेल?

तुम्ही लिहिलंय की "पसरा, पसरा" असं कितीही ओरडलं तरी दहा सेकंदांत पुन्हा घोळका होतो. या वयाच्या मुलांना शिकवायला लागलो तेव्हा मीही पहिले कित्येक महिने हेच ओरडत होतो.

मुलं ऐकत नाहीत म्हणून घोळका होत नाही. प्रत्येकाला बॉल हवा असतो आणि तो मिळवायचा त्यांना माहीत असलेला एकच मार्ग म्हणजे त्याच्याजवळ जाणं. तुमचं ऐकून जो बिचारा लांब जाऊन थांबतो, त्याच्याकडे पास येतच नाही. मग तो पुढच्या वेळी का थांबेल? लांब थांबण्यात फायदा आहे हे खेळातूनच त्याला दिसलं पाहिजे.

यासाठी मी चार गोलांचा खेळ घेतो. तीन विरुद्ध तीन, गोलकीपर नाही. साधारण 30 मीटर लांब, 25 मीटर रुंद जागा आणि दोन्ही टोकांना कोपऱ्यांजवळ एकेक छोटा गोल. सरावात वापरतात ते दोन कोन (प्लास्टिकचे शंकू) ठेवले तरी गोल तयार होतो. गोल मारायचा तो शेवटच्या सहा मीटरच्या आत येऊनच, नाहीतर लांबून नुसते फटके सुरू होतात. हॉर्स्ट वाइन या जर्मन प्रशिक्षकाने रुजवलेला हा प्रकार 'फुनिनो' नावाने ओळखला जातो. एका गोलासमोर गर्दी झाली की दुसरा उघडा पडतो आणि बाजूला थांबलेला मुलगा एका पासवर गोल करून येतो. हे दोन-तीनदा घडलं की बाकीची मुलं स्वतःहून मान वर करून बघायला लागतात. बारा मुलं असतील तर अशी दोन मैदानं आखा, पण कुणाला रांगेत उभं ठेवू नका.

नियम बनवताना मात्र जपा. मी एकदा "गोल मारण्याआधी पाच पास झालेच पाहिजेत" असं ठरवलं होतं. समोर गोल मोकळा असताना मुलं शेजारच्याला टुकटुक पास देत आकडे मोजत बसली! त्यानंतर मी सक्ती सोडली आणि बक्षीस ठेवलं: कसाही केलेला गोल 1 गुणाचा, पण बॉल एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला नेऊन केलेला गोल 3 गुणांचा. सरळ जायचं की बॉल फिरवायचा, हे मुलाने ठरवायचं. खरं शिकणं त्या ठरवण्यात आहे, ते काढून घेऊ नका.

दुसरी एखादी अडचण असेल तरी रीत हीच. बॉल गेल्यावर मुलं जागेवर उभी राहत असतील तर मध्यरेषा आखा आणि सांगा: गोल खाताना तुमच्यातला एकही जण रेषेपलीकडे राहिला असेल, तर तो गोल दुप्पट धरला जाईल. मग मुलंच एकमेकांना मागे बोलावतात. पण एका सरावात एकच अडचण घ्या.

जागेकडेही लक्ष असू द्या. दोन पाससुद्धा जुळत नसतील तर मैदान लहान पडतंय. कुणावर दडपणच येत नसेल तर ते फार मोठं झालंय. कोन दोन-तीन पावलं सरकवून बघा.

खेळ चालू असताना थांबवून भाषण देऊ नका. चार-पाच मिनिटांच्या डावानंतर पाणी पिताना एवढंच विचारा, "शेवटच्या वेळी कुठला गोल मोकळा होता?" उत्तर त्यांना देऊ द्या.

शेवटची दहा मिनिटं सगळे नियम काढून साधा दोन गोलांचा सामना खेळवा आणि गप्प बसून बघा. पहिल्या दिवशी घोळका परत दिसेल. तरी खेळ बदलू नका, पुढचे दोन-तीन सराव तोच घ्या आणि साध्या सामन्यात बॉलपासून लांब कोण थांबतंय ते टिपत जा. माझ्याकडे आधी एकच मुलगी थांबायची. तिला पास मिळायला लागले, तशी दुसऱ्या बाजूलाही कुणीतरी थांबायला लागलं.