कॉर्डलेस फोन रात्रभर चार्जिंगला ठेवूनही दोन मिनिटांत बंद पडतो, कोणते सेल घेऊ?

तुम्ही लिहिलंय की हँडसेट रात्रभर स्टँडवर असतो, सकाळी दोन मिनिटं बोललं की टुंक-टुंक करून बंद, आत रिमोटला लागतात तसले बारीक (AAA) दोन सेल आहेत, आणि दुकानदार म्हणतो सगळ्यात जास्त एमएएचवाले, म्हणजे जास्त चार्ज मावणारे, टाका. माझं ऐकाल तर आज सेल घ्यायला जाऊच नका. घ्यावे लागतीलही शेवटी, पण मी हाच प्रकार इंदूरला आमच्या सुदामानगरच्या घरी एका वर्षात दोनदा केलाय, दोन्ही वेळा नवे सेल आणले आणि दोन्ही वेळा दोष सेलचा नव्हताच.

आमच्याकडे लँडलाइन सासूबाईंमुळे टिकून आहे. 0731 वाला नंबर सगळ्या गोतावळ्याला पाठ, तो सोडायचा नाही म्हणजे नाही. त्यांची बहीण बडोद्याला असते, रात्री साडेनऊला तिचा फोन येतो आणि तो तासभर चालतो, त्यामुळे फोन मध्येच गेला की घरात दुखवटा असतो. तर पहिल्यांदा मी सेल बदलले, दोन दिवस बरं चाललं, पुन्हा तेच. मग एकदा सहज हँडसेट उलटा करून पाहिला. बुडाशी चार्जिंगच्या दोन छोट्या पत्र्या असतात ना, त्यांच्यावर तपकिरी थर. सासूबाई शंकरपाळे तळता तळता फोन उचलणार, तोच तेलकट हात, वर धूळ, झालं. मुलाच्या कंपासमधलं खोडरबर घेऊन घासलं तर रबर काजळासारखं काळं झालं आणि खालून पत्री चकचकीत निघाली. स्टँडमधल्या दोन पिनाही तशाच घासल्या (अडॅप्टर आधी बोर्डातून काढून, हे विसरू नका), सेल बसतात तिथल्या स्प्रिंगासुद्धा पुसल्या. खोडरबराने नाही निघालं तर मोबाइल रिपेरिंगवाले वापरतात ते आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीला लावून पुसा आणि पूर्ण वाळू द्या. पॉलिश पेपर मात्र नको, पत्रीवरचा मुलामा निघतो आणि मग ती आणखी लवकर गंजते. सेल गळून स्प्रिंगवर हिरवा-पांढरा चुरा जमला असेल तर तोही साफ करा, स्प्रिंगच खाल्ली गेली असेल तर मात्र मेकॅनिककडेच जावं लागेल.

आता एक गंमत करून बघा. हँडसेट स्टँडवर ठेवा आणि चार्जिंगचा दिवा लागतो का पाहा. नाही लागला तर वरून बोटाने जरा दाबा. दाबल्यावर लागला आणि सोडल्यावर विझला तर समजा स्टँडच्या पिना दबल्यात, नखाने हळूच किंचित वर उचला, जोर लावलात तर तुटतील.

दुसऱ्यांदाचं सांगायला मला लाज वाटते. पत्र्या स्वच्छ, सेल नवे, तरी सकाळी फोन मेलेला. चार दिवस मी फोनला शिव्या देत होते आणि पाचव्या दिवशी रात्री पाणी प्यायला उठले तर बोर्डाचं बटण बंद! टीव्ही, सेट टॉप बॉक्स आणि फोन एकाच एक्स्टेंशनवर, आणि सासूबाई झोपताना ‘वीज कशाला जाळायची’ म्हणून मेन बटण बंद करून झोपायच्या. म्हणजे फोन रात्रभर चार्जिंगला नव्हताच, नुसता स्टँडवर बसला होता. तुमच्याकडे असं काही नाही ना, हे घरातल्या मोठ्यांना नीट विचारा, रागावून नाही.

अडॅप्टरही बघा. दिवाळीच्या सफाईत आमच्या सगळ्या अडॅप्टरांची एका पिशवीत खिचडी झाली होती आणि ह्यांनी राउटरचा 12 व्होल्टचा अडॅप्टर फोनच्या बेसला लावला, फोनचा होता साडेसहा व्होल्टचा. पिन अगदी बरोब्बर बसली, म्हणून तर घोळ झाला. दहा मिनिटांत जळका वास आला म्हणून वेळेत काढला, थोडक्यात वाचलो. तेव्हापासून प्रत्येक अडॅप्टरवर डॉक्टर टेप लावून मार्करने नाव लिहिलंय. फोनच्या बेसखाली आणि अडॅप्टरवर जे आउटपुट छापलेलं असतं ते जुळवा: व्होल्ट तेवढेच हवेत, मिलिअँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात, आणि आतली पिन प्लस की मायनस हे दाखवणारं गोल चिन्ह असतं तेही सारखं हवं. काही जुन्या फोनांचे अडॅप्टर डीसी नाही तर एसी देतात, तिथे दुसरा कुठला लावायचाच नाही.

एवढं सगळं करूनही तेच होत असेल तर सेल तपासा. शंभर-दोनशेचं साधं मल्टीमीटर घरात असावंच. फोन पूर्ण चार्ज करून सेल बाहेर काढा, तासभर ठेवा आणि एकेक मोजा. चांगला सेल 1.3 व्होल्टच्या आसपास दाखवेल. एक 1.3 आणि दुसरा 1 च्या खाली असेल तर तो दुसरा गेला. पण नवीन आणताना दोन्ही आणा, एकट्याला बदलू नका, कारण दोघं एकामागे एक जोडलेले असतात, कमजोर आधी संपतो आणि दमदार त्याच्यातून उलटा करंट ढकलत राहतो, त्यात तो आणखी खराब होतो. आणि सेल महिनोन्‌महिने पडून पार शून्याला गेले असतील तर काही फोन त्यांना ओळखतच नाहीत, भिंतीवर लावायच्या साध्या सेल-चार्जरमध्ये एकदा चार्ज करून बघा, कधी कधी जिवंत होतात.

आता तुमचा मूळ प्रश्न. सेलच्या खोबणीत किंवा झाकणाच्या आत काय लिहिलंय ते आधी वाचा. हल्लीच्या बहुतेक कॉर्डलेसमध्ये निकेल मेटल हायड्राइड, एका सेलचे 1.2 व्होल्ट, दोन मिळून 2.4. जुन्यात निकेल कॅडमियम असतो, त्यात तीन सेलचा प्लास्टिकने बांधलेला 3.6 व्होल्टचा पॅकही दिसतो. तसा पॅक असेल तर नुसता प्लग बसला म्हणून खूश होऊ नका, लाल-काळी वायर जुन्या पॅकसारखीच आहे का ते पाहा, उलटी असते कधी कधी. सुटे सेल आणून त्यावर कावियाने (सोल्डरिंग आयर्नने) टाके मारू नका, उष्णतेने आतलं सील जातं.

एमएएचचं म्हणाल तर बारीक सेलला 700-800 पुष्कळ झालं. ह्या फोनचा चार्जर सावकाश चालतो, मोठा सेल भरायलाच जास्त वेळ घेतो, आणि जास्त ठासून भरलेले सेल बरेचदा लवकर म्हातारे होतात. मी महाराणी रोडला गेले तेव्हा एका दुकानात बारीक सेलवर 1800 छापलेलं होतं, हातात घेतला तर कागदासारखा हलका. चांगला निकेलचा बारीक सेल 12 ग्रॅमच्या आसपास भरतो, त्यामुळे सोनाराच्या तोऱ्यात तळहातावर तोलूनच घ्या. त्या आकारात खरंखुरं 1100 च्या पुढे काही मिळत नाही, वरचे आकडे नुसते छापायला. पाकिटावर ‘लो सेल्फ डिस्चार्ज’ किंवा ‘प्री-चार्ज्ड’ असेल तर चांगलं, हँडसेट उशाशी विसरला तरी ते पटकन उतरत नाहीत.

दुकानदाराला ‘चार्जिंगचे’ एवढंच म्हणू नका. मला एकाने सरळ साधे अल्कलाइन काढून दिले, वर ‘भिया के फोन में भी येई डले हैं’ असं आश्वासनही. अल्कलाइन चार्ज व्हायला बनलेलेच नाहीत, स्टँडवर ठेवले की तापतात, गळतात, फुटूही शकतात. आणि हल्ली त्याच आकाराचे लिथियमचे सेल मिळतात, 3.7 व्होल्टवाले, किंवा शेंडीला यूएसबीचं भोक असलेले 1.5 वाले. कॉर्डलेसमध्ये दोन्ही अजिबात नाही, त्यांची चार्जिंगची रीतच वेगळी.

नवे घातले की पहिल्यांदा पूर्ण रात्र सलग चार्ज होऊ द्या, मध्ये उचलून बोलू नका. पहिले एक-दोन दिवस स्क्रीनवरची बॅटरीची खूण खोटं बोलते, तिकडे लक्ष देऊ नका. दर वेळी पूर्ण संपवूनच चार्ज करायचं हे कॅडमियमच्या जमान्यातलं, मेटल हायड्राइडला त्याची फारशी गरज नाही. घातल्याची तारीख सेलवर बारीक अक्षरात लिहून ठेवा, आमचे दोन-अडीच वर्षं चालतात. जुने ओल्या-सुक्यात टाकू नका, कचरागाडीच्या ई-वेस्टच्या डब्यात द्या, कॅडमियमवाले तर नक्कीच.

आणि हो, लाइट गेली की कॉर्डलेसचा बेस मुका होतो, कितीही नवे सेल घातलेत तरी, म्हणून लाइनला एक साधा वायरवाला फोनही जोडून ठेवा. तुमची लाइन फायबरची असेल तर मात्र त्यानेही भागणार नाही, फायबरच्या डब्यालाच (मोडेमला) यूपीएस लागेल. आधी पत्र्या घासा, रात्री बोर्डाचं बटण बघा, मग दोन्ही सेलचे व्होल्ट इथेच लिहा, कुठला गेलाय ते सांगते.