संच नको, पहिला खंड द्या

प्रश्न : माझा मुलगा यंदा बारावी झाला. सुट्टीत त्याने 'द व्हील ऑफ टाइम' ही वेब मालिका पाहिली. ती तिसऱ्या पर्वानंतर बंद पडली, म्हणून आता मूळ कादंबऱ्यांचा चौदा खंडांचा संच वाढदिवसाला मागतो आहे. दहावीपर्यंत तो मराठी माध्यमात होता. एवढे इंग्रजी त्याला झेपेल का? संच घेऊन द्यावा का?
— एक आई, मिरज

उत्तर : ताई, संच घेऊ नका. पहिला खंड घ्या, 'द आय ऑफ द वर्ल्ड', तेवढाच.

पैशांचा विचार करून मी हे सांगत नाही. डोंबिवलीत माझे छोटे खासगी वाचनालय होते. रॉबर्ट जॉर्डन या लेखकाचे हे अद्भुतकथेचे खंड मी फोर्टात फ्लोरा फाउंटनजवळच्या फुटपाथवरून एकेक करून जमवले. ओळीने मांडले की कपाटाचा अख्खा कप्पा भरायचा. लोक कौतुकाने बघायचे आणि शेजारचे पातळ पुस्तक घेऊन जायचे. आमचे एक सभासद मध्य रेल्वेत मोटरमन होते. ते एकदा म्हणाले, "ताई, तुम्ही माणसाला जेवायला बोलावता आणि आधी वर्षाचा शिधा दाखवता. एकच बाहेर ठेवा." त्याच दिवशी बाकीचे खंड आतल्या खोलीत गेले. पुढे पहिल्या खंडाची तारखांची चिठ्ठी दोन्ही बाजूंनी भरली आणि मला तिच्याखाली दुसरी डकवावी लागली.

आकार मात्र मुलाला खरा सांगा. सगळे मिळून सुमारे ४४ लाख शब्द आहेत. मिनिटाला दोनशे शब्दांच्या वेगाने रोज तासभर वाचले तरी वर्ष लागते, आणि इंग्रजीची सवय होईपर्यंत त्याचा वेग याहून कमीच असणार. नाव असलेली पात्रे दोन हजारांच्या वर आहेत. ती लक्षात ठेवायची नसतात. आपण महाभारत ऐकत मोठे झालो तेव्हा सगळ्या कौरवांची नावे कुठे पाठ होती? जो पुन्हा पुन्हा येतो तो आपोआप ओळखीचा होतो.

सुरुवात कशी आहे ते सांगते, कारण खंड हातात पडल्यावर पहिली परीक्षा तिथेच आहे. आधी एक छोटा पूर्वरंग येतो. उद्ध्वस्त वाड्यात एक वेडा झालेला माणूस आपल्या बायकोला हाका मारत फिरतो आहे. तो काही कळणार नाही, न कळता पुढे जाऊ द्या. मग हजारो वर्षांनंतरचे एक खेडे लागते. हिवाळा संपायला तयार नाही. सणासाठी सफरचंदाची दारू गाडीवर लादून बाप आणि मुलगा गावाकडे निघाले आहेत. वारा इतका बोचरा की दोघांनी अंगरखे घट्ट धरले आहेत. मुलगा, रँड त्याचे नाव, सहज मागे वळून बघतो, तर रस्त्यावर काळ्या झग्यातला एक घोडेस्वार. डोळे मिटून उघडतो तोवर स्वार नाहीसा झालेला. मग त्याला जाणवते की एवढ्या वाऱ्यात त्या माणसाचा झगा जरासुद्धा हलत नव्हता.

हे वाचून मी पुस्तक उघडे ठेवून उठले होते आणि खिडकी लावून घेतली होती.

पुढे गाव संथ आहे. झरा, खाणावळ, फेरीवाला, सणाची गडबड असे शे-दीडशे पानांतले बरेचसे चालते, आणि टॉल्किनचे 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' वाचलेल्यांना इथे ओळखीचे वाटते. जॉर्डनने ती ओळख मुद्दाम ठेवली होती. मग एका रात्री शेतावरच्या घरावर हल्ला होतो. जखमी बापाला दोन दांड्यांना बांधलेल्या घोंगडीच्या झोळीत घालून रँड अंधारातून गावाकडे ओढत नेतो, आणि तापात बाप असे काही बरळतो जे मुलाने ऐकायला नको होते. काय ते मी सांगणार नाही. मुलाला म्हणा, त्या रात्रीपर्यंत वाच. तिथे मन बसले नाही तर खुशाल सोड. आमच्याकडे त्या रात्रीच्या पुढे जाऊन पुस्तक अर्धवट परत केलेले मला आठवत नाही.

मालिका पाहिली आहे म्हणून कथा माहीत आहे असे त्याला वाटेल. तसे नाही. पेरिन या मुलाला मालिकेत सुरुवातीलाच बायको आहे, पुस्तकात तो लग्न न झालेला लोहाराच्या हाताखालचा पोरगा आहे. अशा एका बदलाने अख्खा माणूस बदलतो.

या कथेचा गाभा मला अजून थक्क करतो. जगाचे चक्र फिरवणाऱ्या शक्तीचे दोन भाग आहेत, एक पुरुषांचा, एक स्त्रियांचा. पुरुषांचा भाग तीन हजार वर्षांपूर्वी नासला. तेव्हापासून जो पुरुष ती शक्ती वापरतो तो वेडा होतो. त्यामुळे शक्ती उरली ती बायकांकडे. राण्या, राजे त्यांना वचकून असतात. आणि भविष्यवाणी सांगते की जगाला वाचवणारा पुरुषच असेल, ही नासकी शक्ती वापरणारा. म्हणजे ज्याची सगळ्यांना गरज आहे त्याचीच सगळ्यांना धास्ती. हे ओझे वीस वर्षांच्या मेंढपाळाच्या पोरावर पडते. जॉर्डन स्वतः व्हिएतनामच्या युद्धात हेलिकॉप्टरवर मशीनगन चालवण्याचे काम करून परतलेला माणूस होता. लढाईतून परत येणाऱ्याच्या मनाचे काय होते हे या पानांत जितके खरे उतरले आहे, तितके मी अद्भुतकथांत फार कमी पाहिले.

इंग्रजी सोपे आहे, वाक्ये सरळ आहेत. नावे तेवढी अडवतात. मागे शब्दसूची आहे, तीत उच्चारही दिले आहेत. त्या शक्तिमान बायकांना 'आइज सेडाय' म्हणायचे हे मला तिथेच कळले. आमचे मोटरमन काका त्या पानात लोकलचे जुने तिकीट खुणेला ठेवत आणि स्वतःचा एक कागद, कोण कुणाचा कोण ते लिहिलेला. मुलालाही तसा कागद करायला सांगा. पात्रांची नावे इंटरनेटवर मात्र शोधू देऊ नका. पहिल्याच ओळीत कोण कधी मेला ते दिसते.

एक तक्रार आधीच नोंदवते. बाया पुरुषांबद्दल आणि पुरुष बायांबद्दल सारखे कुरकुरत असतात, आणि गावची तरुण वैदू नायनीव्ह रागावली की स्वतःची वेणी ओढते. पुन्हा पुन्हा. मला ते खटकले, तरी नायनीव्ह ही माझी सर्वांत लाडकी आहे.

प्रश्न : माझे नऊ खंड झाले. दहाव्यात सहा महिने अडकलो आहे. काहीच घडत नाही. सोडून देऊ?
— एक वाचक, पिंपरी

उत्तर : तुमची चूक नाही. नवव्या खंडाच्या शेवटी जे प्रचंड घडते, ते घडत असताना बाकीची माणसे कुठे होती हे दाखवायला दहावा खंड मागे जातो. त्यामुळे जवळजवळ अख्खे पुस्तक एका जागी उभे राहते. आमच्या वाचनालयात आठव्यापासून तारखांच्या चिठ्ठ्या रिकाम्या दिसू लागत आणि दहाव्यावर तर मोजक्याच तारखा आहेत. पण विचार करा, नववा आला २००० साली आणि दहावा २००३ मध्ये. लोकांनी दोन वर्षांहून जास्त वाट बघून हे वाचले. अकरावा तर २००५ मध्ये आला. तो तुम्हाला आजच मिळेल.

मी तुम्हाला दहावा गाळायची मोकळीक देते. पेरिनचे आणि एग्वेनचे भाग वाचा, बाकीचा कुठेतरी सारांश पाहा आणि अकरावा उघडा. त्यात जॉर्डन पुन्हा पहिल्यासारखा धावतो. तो त्याने स्वतः पूर्ण केलेला मालिकेतला शेवटचा खंड. २००७ च्या सप्टेंबरात तो हृदयाच्या दुर्मिळ आजाराने गेला. शेवटच्या महिन्यांत त्याने घरच्यांना पुढची कथा सांगून ठेवली होती, टिपणे होती, शेवटचा प्रसंगही लिहून ठेवला होता. त्याची पत्नी हॅरिएट मॅक्डूगल हीच त्याची संपादक. तिने ब्रँडन सँडरसन या तरुण लेखकाची निवड केली. एका खंडात उरकायचा शेवट तीन खंडांचा झाला आणि २०१३ च्या जानेवारीत चौदावा आला. त्यात 'द लास्ट बॅटल' हे एकच प्रकरण जवळजवळ दोनशे पानांचे आहे. आमच्या मोटरमन काकांनी ते रजा टाकून वाचले. दुसऱ्या दिवशी पुस्तक द्यायला आले तेव्हा काउंटरवर बराच वेळ उभे राहिले, काही बोलले नाहीत, आणि पहिला खंड पुन्हा वाचायला घेऊन गेले.

अकरावा उघडा. महिनाभराने मला कळवा.

प्रश्न : 'न्यू स्प्रिंग' हा पूर्वकथेचा खंड आधी वाचावा का? घटना त्यात वीस वर्षे आधीच्या आहेत.
— एक विद्यार्थिनी, म्हापसा

उत्तर : आधी नको. तो २००४ मध्ये, दहाव्यानंतर आला आणि त्याच जागी वाचलेला चांगला. त्यात म्वारेन आणि लॅन एकमेकांना कसे भेटले ते आहे. पहिल्या खंडात हीच दोघे सणाच्या तोंडावर गावात उतरतात. निळ्या पोशाखातली बाई पोरांच्या हातावर एकेक नाणे ठेवते, आणि ती कोण, भली की बुरी, हे त्या पोरांना कळत नाही. तुम्हालाही ते कळता कामा नये.