पुण्यात राहून रोज ऑफिस आणि सुट्टीला घाट: निन्जा ६५० घ्यावी की थेट झेडएक्स-१०आर?

कावासाकीच्या या दोन बाइक्सपैकी निन्जा ६५० घ्या. ट्रॅकवर जायचं तुमच्या प्रश्नात कुठेच नाही. आताची ३९० सीसीची बाइक विकून पुढची गाडी, रोज ऑफिस आणि शनिवार-रविवार घाट, एवढंच लिहिलंय तुम्ही. मी स्वतः ६५० चालवतो आणि मित्राची १०आरही लांबवर नेली आहे, त्यावरून सांगतो.

सगळे आधी सीसी (इंजिनाचा आकार) आणि पीएस (ताकद) विचारतात. रस्त्यावर खरा फरक पडतो तो टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, कुठल्या आरपीएमला, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्यांना, येतो याने. ६५० चं ट्विन (दोन सिलिंडरचं) इंजिन ६,७०० ला ६४ एनएम (न्यूटन-मीटर) टॉर्क देतं. वाईहून पाचगणीला पसरणी घाट चढताना वळणातून बाहेर पडलात की इंजिन नेमकं त्याच आरपीएमच्या आसपास असतं, थ्रॉटल मनसोक्त उघडता येतो. १०आरचा कमाल टॉर्क येतो अकरा हजारांच्या पुढे आणि कमाल पॉवर तेरा हजारांच्या आसपास. खालीही तिच्यात दम कमी नाही, पण गिअरिंग इतकं उंच की पहिला गिअरच ताशी दीडशेच्या आसपास जातो. आपल्याकडे चौपदरी हायवेवर दुचाकीला मर्यादा ८० ची. म्हणजे अख्खा घाट पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, मनगट आवरून. त्यात मजा फार थोडी आणि दमछाक फार.

एक गोष्ट मात्र नक्की लक्षात ठेवा. मधली म्हणून कावासाकीचीच झेडएक्स-६आर घेऊ नका. ६३६ सीसीची असली तरी तिचा ६९ एनएम टॉर्क १०,८०० ला येतो, म्हणजे ६५० पेक्षा जेमतेम पाच एनएम जास्त आणि तोही चार हजार आरपीएमने वर. तिची बसण्याची पद्धतही ट्रॅकची. रस्त्यावर ती मला १०आरपेक्षाही अवघड वाटते, कारण १०आर निदान खालून ओढते. मधल्या वर्गात ६५० सोडून काही बघायचंच असेल, तर सुझुकीची जीएसएक्स-८आर बघा. ७७६ सीसी, ट्विन, ७८ एनएम ६,८०० ला, वर क्विकशिफ्टर (क्लच न दाबता गिअर बदलणारा) आणि शोवा कंपनीचा चांगला फोर्क (पुढचं सस्पेन्शन). पैसे पुरत असतील तर मी तीच घेईन.

वजनाचा बाऊ करू नका. ६५० आहे १९६ किलोची, १०आर २०७ ची. १०आरवर त्रास होतो तो खाली असलेल्या हँडलचा, मागे गेलेल्या फूटपेगचा आणि इंजिनच्या उष्णतेचा. एप्रिलमध्ये संध्याकाळी सहाला विद्यापीठ चौकात अडकलात की फॅनची गरम हवा थेट मांड्यांवर येते. हँडल कमी वळतं, त्यामुळे यू-टर्नला पाय टेकत बसावं लागतं. १०आरचा मागचा टायर १९० मिलिमीटर रुंद, ६५० चा १६०. रुंद टायर महाग, आणि सरळ हायवेवर मधोमध झिजून चपटा झाला की वळणात गाडी अडखळते. गाडीची किंमत दुपटीहून जास्त, त्यात विमाही तसाच.

१०आरच्या बाजूने बोलायचं तर तिचे ब्रेक, सस्पेन्शन आणि इलेक्ट्रॉनिक्स ६५० च्या कितीतरी वरचे आहेत. झुकलेल्या गाडीत ब्रेक सांभाळणारी यंत्रणा ६५० मध्ये नाही. पण ८० चे १२० झाले की थांबवायची ऊर्जा सव्वादोन पट होते, आणि १०आरवर १२० कधी झाले ते कळतही नाही. ताम्हिणी घाटात पुढच्या वळणावर म्हैस उभी असेल तर हा हिशोब कुठलीही यंत्रणा बदलू शकत नाही.

तुमचा प्रवास घाटाऐवजी पुणे-बंगळूरु असा सरळ हायवेचा असता, तर मी मोठ्या इंजिनाच्या बाजूने बोललो असतो. तिथे सुझुकीची हायाबुसा, १५० एनएम ७,००० ला, दिवसभर निवांत पळते.

टेस्ट राइड घ्याल तेव्हा सकाळच्या मोकळ्या रस्त्यावर घेऊ नका. शोरूमला भर गर्दीच्या वेळी मागा, मागे कोणाला तरी बसवा आणि अर्धा तास तरी चालवा. उरलेल्या पैशांतून आधी चांगलं जॅकेट, बूट आणि ग्लोव्ह्ज घ्या.